पैलवानाचा गुडघा

१९७१ साली नगरच्या स्टँडवर, मुंबईच्या रांगेत, माझ्यापुढं एक पैलवान आणि त्याची मावशी बोलत होते.

"कानिफ, गुडघा बरा झाला म्हनं?"

"व्हय मावशे. मुंबईच्या व्यायामोपचारवाल्या बाईंनी केला."

"सुई टोचली?"

"न्हाई. निजवलं आन म्हनल्या, पाय वीतभर उचला. मी हसलो."

"मग?"

"पाय हालंना. लई रडलो मावशे."

"अगं बया!"

"घरी तीन महिने रोज उचलला. परवा सोनईची कुस्ती मारली."

"मग आता कशाला निघालास?"

"बाई कॉलेजात शिकवत्यात. पोरींना माझा गुडघा दाखवायचाय."

"लाजशील की रं!"

"मागल्या खेपेला लाजलो, म्हून छाती फुगवून हुबा ऱ्हायलो. बाई म्हनल्या, 'पैलवान, आज छातीचा धडा नाही. गुडघा पुढे करा.'"