मोटारीचा दांडा मधे आणला त्याबद्दल

नाव रंभाबाई कोंडीबा म्हेत्रे, वय अदमासे बत्तीस, धंदा शेतमजुरी, राहणार मंद्रूप, जिल्हा सोलापूर.

मी चौकीवर जमादारसाहेबांपुढं समक्ष सांगते की, भीमा ड्रायव्हरानं मोटार गिअरमध्ये ठेवून हँडल मारलं, असा जबाब आमच्या गावच्या संगप्पाण्णांनी दिल्याचं कळलं. त्यावरून भीमावर हयगयीची केस होऊन त्याचं लायसन जाणार, असंही कळलं. मला कोणी बोलावलेलं नाही. मी आपणहून आले.

काल, ता. ११ मार्च १९३५, सकाळी दहाच्या सुमारास मंद्रूपची सर्व्हिस मोटार सोलापूरच्या नाक्यावर बंद पडली. बायामाणसं पुढं बसवतात म्हणून मी ड्रायव्हरच्या डाव्या हाताला होते. माझ्या पलीकडे, दाराशी, संगप्पाण्णा. आमचे मालक मागं बसले होते. ते आण्णांच्या मळ्यावर सालगडी आहेत.

भीमानं गिअरचा दांडा मधे आणला, म्हणजे गिअर काढला, दोनदा हलवून बघितला आणि मोटार पुढून फिरवून चालू करायचं हँडल घेऊन उतरला. हे मी बघितलं. मोटारीपुढं दोन हातांवर नाक्याची भिंत होती. मी उजवीकडे सरकले. आणखी सरकले. तिकडे जागा नव्हती, दांडा होता. माझ्या गुडघ्यानं तो पुढं गेला. खट्ट वाजलं. तेवढ्यात भीमानं हँडल मारलं. मोटारीनं उडी घेतली आणि बंद पडली.

भीमा भिंत आणि मोटार यांच्यामध्ये कमरेखाली अडकला. सगळे उतरून मोटार मागं रेटायला लागले. हलेना.

आण्णा खालनं ओरडले, "जोर लावा की! भाकरी खाता का कोंडा?"

भीमा म्हणाला, "जोरानं काय हुतंय? गिअरात हाय ती. आक्का, तुमी वरच हायसा. माझ्या जाग्यावर सरका."

"बाईमाणसानं हात लावायचा न्हाय," आण्णा म्हणाले.

"मग आण्णा, तुमी हितं हुबं ऱ्हावा. मी तितं येतो."

मी लुगडं आवरून सरकले. डावीकडचं पायडल पार तळाला दाबा, असं भीमानं सांगितलं. मी आधी मधलं दाबलं. तो चिडला नाही. "त्येच्या शेजारचं, आक्का." ते दाबलं. दांडा दोन्ही हातांनी ओढला. निघेना. "हलत्या दातावानी लुळा लागला की समजा, मधी आला," असं तो सांगत होता. मग त्याचं बोलणं थांबलं. मी ओढत राहिले. दांडा लुळा लागला. "रेटा!" म्हणून मी ओरडले. मोटार मागं गेली.

भीमा दवाखान्यात आहे. दोन्ही पाय मोडलेत. सकाळी शुद्धीवर आला.

तुम्ही एवढं का सरकलात, असं जमादारसाहेबांनी विचारलं. बाहेर बाकावर आण्णा आणि आमचे मालक शेजारी बसलेत. मी दार लावायला सांगितलं. दार लावल्यावर सांगते की, मंद्रूप सुटल्यापासून आण्णांचा हात माझ्या मांडीवर होता.

हा जबाब मला वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. दार उघडून वाचला तरी तसाच आहे.

रंभाबाई, डाव्या अंगठ्याची निशाणी