लाल दिव्यावरची टिकली

धंतोलीच्या दवाखान्यात गोपिकाबाई नवऱ्याच्या खोकल्यासाठी नंबर लावून बसल्या होत्या. मागच्या बाकावर दोन ड्रायव्हर बोलत होते.

"तेलाचा लाल दिवा दोन दिवसांपासून लागून राहिला होता गा."

"म्हणजे इंजिनाले तेल भेटून नाही राहिलं. थांबवली काहून नाही गाडी?"

"गाडी तं मस्त पळून राहिली होती. दिवा डोयात खुपे, म्हणून बायकोची टिकली चिकटवली त्याच्यावर."

"आन् मंग?"

"काटोलच्या अलीकडं इंजिन जाम. काही दुखत-खुपत नव्हतं गा गाडीले."

गोपिकाबाईंनी तीन महिने कुणाला न सांगितलेली छातीतली गाठ पदराआडून चाचपली. मग त्या उठून खिडकीशी गेल्या.

"सिस्टर, अजून एक नाव लिहा. माझं."