डाव्या बाजूचा ब्रेक

मी मूळची अकोल्याकडची. आमच्या गावात एसटी सकाळी यायची नि संध्याकाळी जायची, त्यापलीकडं चार चाकांचं काही आम्ही बघितलंच नव्हतं, आणि ही पोरगी पुढं पुण्यात बायकांना गाडी चालवायला शिकवील असं कुणी सांगितलं असतं तर आमच्या आबांनी त्याला आधी पाणी पाजलं असतं, ऊन लागलंय म्हणून. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन बिबवेवाडीत आले, दोन खोल्यांत. आमचे हे एका कारखान्याच्या साहेबांची गाडी चालवायचे. मी काहून म्हणाले की शेजारच्या काकू म्हणायच्या, का म्हणावं हो, काहून काय. शिकले हळूहळू. पण राग आला की अजून काहूनच बाहेर येतं, त्याला इलाज नाही.

साहेबांनी नवी गाडी घेतली नि जुनी पद्मिनी यांना देऊन टाकली. ती आमची पहिली गाडी. राखाडी रंगाची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढचं सीट सलग, बाकड्यासारखं. थंडीत सुरू व्हायची नाही, मग हे तिला म्हातारे, ऊठ गं, म्हणून समजावत बसायचे, मला इतक्या गोडीनं कधी उठवलं नाही. त्या म्हातारीवर यांनी ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लावली. गॅरेजात नेऊन डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवून घेतले, कारण शिकवणारा डावीकडं बसतो, शिकणाऱ्याचं चुकलं की आपल्या पायानं गाडी थांबवतो. शिकवायच्या गाडीची हीच तर खुबी.

आणि मग काय सांगू तुम्हाला, दिवसच पालटले. आधी गाडीसाठी माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसायची, आता बँकेची पोरं दारात येऊन म्हणायला लागली, कर्ज घ्या, गाडी घ्या. घरोघरी गाड्या आल्या, पण चालवणार कोण? सगळे आमच्याकडं. त्यात बायकाही यायला लागल्या, पण परक्या पुरुषाशेजारी बसायचं म्हणून अंग चोरून बसायच्या. हे एक दिवस जेवताना म्हणाले, सुनंदा, तूच का नाही शिकत? तू शिकलीस की बायकांची बॅच तुझी. मी म्हटलं, मी? मले सायकल येत नाही.

तर तेव्हा बिबवेवाडीच्या वरच्या अंगाला मोकळे माळ होते, आता इमारती झाल्या, तिथं पहाटे मला न्यायचे. आणि मला गाडी यायला लागली. म्हणजे अशी यायला लागली की मलाच नवल. कधी झटका नाही, कधी बंद पडली नाही, कुत्रं आडवं आलं तरी गाडी आपली अलगद थांबायची. हे म्हणायचे, वा, तुझ्या पायात जात्याच आहे. मी घरी येऊन पोळ्या लाटताना गुणगुणायचे. परीक्षेलाही डावीकडं हेच बसले. लायसन्स आलं तेव्हा आबांना पत्र लिहिलं, दोन पानी.

त्याच सुमारास दुसरी गाडी घेतली, आठशे, पांढरी, कोरी करकरीत. दारात पूजा झाली, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. गुरुजी म्हणाले, लिंबांवरून गाडी घरच्या लक्ष्मीनं काढू द्या. यांनी सगळ्या आळीदेखत किल्ली माझ्या हातात दिली. आमची रश्मी, पाच वर्षांची, मागं जाऊन बसली. हे बाहेर, नारळ हातात. डाव्या बाजूचे क्लच-ब्रेक अजून बसवायचे होते, तिकडं कुणाचं लक्षही नाही. मी लिंबं चिरडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी रोजच्यासारखा ब्रेकवर हलकेच पाय टेकवला, रोज तेवढ्यानं थांबायची, पण गाडी थांबेचना. काकू आरतीचं ताट टाकून पळाल्या. गाडी हारासकट कंपाउंडच्या भिंतीवर.

रश्मीच्या हनुवटीला तीन टाके पडले. दवाखान्यात बाकावर आम्ही दोघं बसलो होतो, आतून तिचं रडणं ऐकू येत होतं, मी म्हणत होते, अहो, मी तसाच तर दाबला, रोजच्यासारखाच. आणि हे मान खाली घालून म्हणाले, सुनंदा, रोज ब्रेक मी मारत होतो. क्लचही. पहिल्या दिवशी गाडी झटका देऊन बंद पडली, तुझे ओठ थरथरायला लागले, मला ते बघवेना, म्हणून पाय लावला, मग रोजच लावत गेलो. मी म्हटलं, काहून खोटं बोलले तुम्ही?

गाडी दुरुस्त झाली, हनुवटी बरी झाली, पण माझं काही बरं होईना. मी स्टिअरिंगला हात लावला नाही. आणि नुसतं गाडीचं असतं तर ठीक, पण यांचं कौतुकच मला खरं वाटेना. भाजी छान झालीय म्हणाले की मी म्हणायची, ब्रेक कोण मारतंय? हे हसायचे, मी हसायची नाही. एका घरात राहून आपल्या माणसाचा शब्द खरा वाटू नये, याच्यासारखं वाईट नाही बघा. वर्ष गेलं असं.

मग हेच एका पहाटे म्हणाले, चल, पुन्हा. मी म्हटलं, एका अटीवर. मांडी घालून बसायचं. दोन्ही पाय सीटवर, मला दिसले पाहिजेत. आणि बसले हो! म्हातारीच्या त्या सलग सीटवर, जेवायला बसल्यासारखे मांडी घालून, हात गुडघ्यावर, देवाचं नाव घेत. गाडी झटके देतेय, बंद पडतेय, एकदा चर खणला होता त्यात चाक गेलं, मी घामाघूम, ओठ थरथरताहेत, पण यांनी पाय खाली सोडला नाही. महिन्यानं मला गाडी आली. यांनी कौतुकाचा शब्द काढला नाही, घाबरत असावेत.

पुढं बायकांची बॅच मी चालवली, आठशेवर. माझा नियम एकच, मी ब्रेक मारला की मोठ्यानं सांगायचं, हा माझा होता. मग हिंजवडीला कंपन्या आल्या, नागपूर-अमरावतीच्या पोरी यायला लागल्या शिकायला. माझं काहून ऐकलं की एकदम मोकळ्या व्हायच्या, मावशी, तुम्ही आमच्याकडच्या का? किती जणींनी पहिली गाडी घेतली तेव्हा पेढे आणून दिले. म्हातारी पद्मिनी तोवर भंगारात गेली, हे दोन दिवस जेवले नाहीत नीट.

तिसरी इंडिका, निळी. तीही शिकवायची, म्हणजे डावीकडं ब्रेक होताच. रश्मी तोवर कंपनीत लागली, लग्न होऊन वारज्याला गेली, आम्ही रविवारी तिच्याकडं जायचो. हे चालवायचे, मी डावीकडं. आणि यांना कंपवात झाला. आधी हात, मग पायही उशिरा उठायला लागला. सिग्नल लागायचा, यांचा पाय अजून वाटेतच असायचा, आणि माझा पाय ब्रेकवर. अलगद. हे म्हणायचे, बघ, अजून थांबते की नाही लोण्यासारखी? मी म्हणायची, हो तर. असे कितीतरी रविवार गेले. मोठ्यानं सांगायचा नियम माझाच, पण तोंडच उघडेना. तेव्हा मला कळलं, त्या माळावर यांना काय झालं असेल.

एकदा कर्वेनगरच्या चौकात स्कूटीवरची पोरगी आडवी आली. मी ब्रेक मारला, थांबली गाडी, पण वीतभर अंतर राहिलं. ती पोरगी पांढरीफटक पडली. मी गाडी कडेला घ्यायला लावली आणि म्हटलं, अहो, हा माझा होता. आणि आधीचेही. हे समोर बघत म्हणाले, माहीत आहे. तीस वर्षं शिकवलंय, दुसऱ्याचा पाय मला कळणार नाही? मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, बोललो असतो तर गाडी सोडावी लागली असती. अजून थोडे रविवार हवे होते. मी तिथंच रडले हो, भर रस्त्यात. यांनी कापऱ्या हातानं किल्ली काढली नि माझ्या ओंजळीत ठेवली, उतरून गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले. त्यांना वेळ लागला, मी थांबले.

आता शाळा बंद केली. रश्मीनं छोटी गाडी घेऊन दिली, चौथी, हिला क्लचच नाही. मी चालवते, हे डावीकडं. तुम्ही शिकलात का गाडी? शिका, आणि शेजारी भलं माणूस बसो. परवा वारज्याहून येताना हे म्हणाले, सुंदर चालवतेस गं. डावीकडं यांच्या पायाखाली आता नुसती रबराची चटई आहे. मी काही उलटून बोलले नाही. खरं मानलं.