हारुकोबाईंचा जांभळा किमोनो

मी पुण्याची, रविवार पेठेतली. बाबा साड्यांच्या दुकानात कामाला, दिवसभर गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडायच्या आणि गिऱ्हाईक उठून गेलं की परत घड्या घालायच्या. घरात रेशीम म्हणाल तर आईचा एक शालू. तो ती दिवाळी झाली की बाहेर काढायची, सावलीत वाऱ्यावर टाकायची, घडी बदलायची नि परत मलमलीत बांधायची. आम्ही दोघी बहिणी हात पुसून टोकं धरायला उभ्या. हे आधी सांगते कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

लग्न झालं नि नवऱ्याच्या मागे इथे लंडनात, एजवेअरला आले. तो आयटीत, मी त्याच्या व्हिसावर डिपेंडंट. बीकॉम झालेली मी, इथे विचारतो कोण, मुलगी नर्सरीत जायला लागेपर्यंत भिंती बघितल्या नि मग केअररचं, म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन सांभाळायचं काम धरलं. नवरा म्हणाला, पुण्यात सांगू नकोस. नाही सांगितलं. तिकडे अजून वाटतं मी ऑफिसात जाते.

तर हारुकोबाई. जपानी, इंग्रज माणसाशी लग्न करून तरुणपणीच आलेल्या, तो गेलेला, मुलगा पीटर ब्रिस्टलला इंजिनियर. मी त्यांना आंघोळ घालायची, गोळ्या द्यायची, चहा करायची. एकदा मला म्हणाल्या, शैला, बांगड्या काढ, हात धू. मला वाटलं काय चुकलं! तर बुटकं लाकडी कपाट उघडलं, आत जाड कागदात बांधलेले रेशमी किमोनो, सगळे आडवे. हँगरला कधी लावायचे नाहीत, शिवणीवर शिवण ठेवून घडी, कोरड्या दिवशी बाहेर काढून बांबूवर टाकायचे, ऊन लागता कामा नये. आता एजवेअरला कोरडा दिवस म्हणजे काय सांगू तुम्हाला, आम्ही दोघी टीव्हीवर वेदर बघत बसायचो नि ती वेदरवाली खोटं बोलली की मी मराठीत शिव्या द्यायची, त्या जपानीत.

एक जांभळा होता, फिका, खाली सोनेरी धाग्यांची फुलं. तो त्यांच्या आईनं दिलेला. म्हणाल्या, मी जाईन तेव्हा मला हा घाल. जिवंतपणी पुढची डावी बाजू उजवीच्या वर, गेल्यावर उजवी वर, विसरू नकोस. मी म्हटलं, आमच्यातही शेवटचं लुगडं माहेरचंच असतं. त्यावर माझा हात धरून म्हणाल्या, मग शब्द दे. मी शब्द दिला, आणि उजवी वर, उजवी वर, पाठच करून ठेवलं. उपयोग काय झाला.

पुढे त्या पडल्या, पीटरनं केअर होममध्ये ठेवलं, घर विकायला काढलं. आवरायला मी पण गेले होते. बघते तर हा बाबा किमोनो प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांत कोंबतोय, हूवर, ते कचरा ओढायचं मशीन, लावून आतली हवा ओढतोय, पिशवी पापडासारखी चपटी. मी म्हटलं, पीटर, रेशमाला हवा लागते, त्यांना विचार तरी. तर हसतो कसा, रिलॅक्स शैला, आता मॉथ पण शिरणार नाही, म्हणजे कसर. गाढवाला गुळाची चव काय! कपाट कोणालातरी देऊन टाकलं नि पिशव्या याच्या ब्रिस्टलच्या लॉफ्टमध्ये, माळ्यावर. होममध्ये भेटायला गेले की हारुकोबाई विचारायच्या, वारा दिला का गं? काय सांगणार, मी आपली हो म्हणायची.

त्या गेल्या तेव्हा पीटरचा फोन आला, माझी मम तुझ्याशी काही किमोनोचं बोलली होती ना? बैल गेला नि झोपा केला. गेले ब्रिस्टलला. पिशवी फोडली तर आधी वासच आला, ओल राहिलेली. जांभळ्यावर पिवळे डाग, वाट्टेल तशा चुण्या, सोनेरी धागा जागोजागी तुटलेला. मी म्हटलं, चालेल, डागाची बाजू आत घेते, मला घालू दे. त्याचा चेहरा पडला होता, नाही असं नाही. पण म्हणाला, नाही शैला, लोक मला काय म्हणतील, आईला असल्या कपड्यात पाठवलं. लोक! मी हात जोडले हो त्याच्यापुढे. नाहीच ऐकलं, आणि मी कोण, केअरर. हाय स्ट्रीटवरच्या दुकानातून नवीन क्रीम कार्डिगन आणलं आणि त्यातच गेली ती बाई. वर मला म्हणतो, हा तू ठेव, तुला आवडतात अशा गोष्टी.

ठेवला. टाकते कुठे? आई गेल्यावर बहिणीनं शालू पाठवला माझ्याकडे, तोही त्याच कप्प्यात, दोन्ही मलमलीत. कोरडा दिवस बघून दोन्ही काढते. फार राग येतो हो, अजून येतो, तिचं माहेर माझ्या कपाटात पडलंय.

परवा लेकीला जवळ बसवलं, म्हटलं हा शालू बघून ठेव, माझ्या वेळेला हाच. ती फोनवरून मान वर न करता म्हणते, ओके आई, पण तो साडी पण बॅगमध्ये टाक ना, तो हूवरवाला, सगळं फ्लॅट होतो. पोरगी वाईट नाहीये. इथेच वाढली, तिला कोण दाखवणार.

चहा घ्या, गार झाला. तुम्ही एवढ्या लांबून आलात, ऐकून घेतलंत, सुखी राहा. आणि उठायच्या आधी जरा या इकडे, हात धुऊन या. खालून दुसरा कप्पा, शालू त्यातच. बघून ठेवा.