रेकॉर्डिंग अडखळत नाही

— नाही हो, तो खोका ठेवा खाली, आधी ऐका. रेकॉर्डिंग लावलं की गेम अडखळतो, हीच तक्रार ना? अडखळणारच. गेम चालवायचा आणि वर व्हिडिओही बनवायचा, दोन्ही कामं एकट्या प्रोसेसरच्या गळ्यात मारलीत, मग तो तरी काय करणार? या ग्राफिक्स कार्डात त्यासाठी वेगळा एन्कोडर असतो. म्हणजे काय? म्हणजे चिपचाच एक कोपरा, त्याला दुसरा धंदा नाही — पडद्यावर येईल ते मुकाट्याने व्हिडिओत भरत बसायचं. सेटिंगमध्ये प्रोसेसरच्या जागी हा निवडा, झालं. गेमला पत्ता लागत नाही. खेळणाऱ्यालाही लागत नाही. थांबा, दाखवतोच, माझ्या घरचं रेकॉर्डिंग आहे. हा खेळतोय ना, तो माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच राहायचा.

हात बघा कसा चालतो. पण तोतरा — लहानपणापासून. दुकानात साबण आणायला पाठवला तर बोट दाखवून आणायचा. आणि हेडफोन चढवून टीमबरोबर खेळायला बसला की तोच माणूस घडाघडा बोलायचा! 'डावीकडून या, दार मी धरतो, घाबरू नका' — एक अक्षर अडत नव्हतं. चेहरा दिसत नाही ना कुणाचा, म्हणून असेल. बायको हातातली कामं टाकून दारात उभी राहायची ऐकत. डोळे पुसायची. आता यात रडण्यासारखं काय आहे, सांगा मला? मी दिवसभर इथे घसा फोडून बोलतो, माझ्यासाठी कुणी डोळे पुसलेत?

तर — आधी मी प्रोसेसरवर रेकॉर्डिंग लावायचो. चित्र झटके खायला लागलं की याला लगेच कळायचं, आणि तोंडाला कुलूप. 'भा-भावोजी, बं-बंद करा ना.' म्हणून हे कार्ड बसवलं. सांगितलं नाही त्याला. कशाला सांगायचं? चांगला बोलतोय, ऐकू दे चार लोकांना, त्याच्याच भल्याचं. चॅनेल माझं, मागे बसून बोलायचो मी. आणि खाली लोक काय लिहायला लागले माहितीये? 'खेळणारा जबरदस्त, पण मागचा बडबड्या कोण? त्याला बाहेर काढा.' मला! माझ्या घरातून, माझ्या खुर्चीत बसलाय तो, आणि बाहेर मला काढा!

हां, आता नीट बघा — स्पर्धेचा शेवटचा सामना. 'मागे व्हा' म्हणायचंय त्याला. ऐका. 'मा-मा-मा-मा —' गेली! अख्खी टीम गेली! पलीकडचे कसे खिदळतायत, 'मामाला हाक मारतोय' म्हणे. आणि क्वालिटी बघा, इतकी पळापळ चाललीये, चित्र कुठे फाटतंय? प्रत्येक 'मा' कसा सुटा ऐकू येतो!

अचानक कसा अडकला म्हणजे? अडकतो तो, सांगितलं की. — तो मागचा आवाज? तो मीच. काही नाही हो, त्याचा हेडफोन जरा बाजूला ओढला आणि कानात म्हटलं, 'रेकॉर्डिंग चालू आहे रे, सगळं गाव ऐकतंय, कधीपासून ऐकतंय.' एवढंच. गंमत. असा पांढरा पडला! मला माहीतच होतं, तेवढा तुकडा वेगळा काढायच्या बटणावर मी बोट ठेवूनच — म्हणजे नेमकं बटणावर होतं बोट, म्हणून सापडलं सगळं.

मग त्याचं गाणं केलं मी. त्या मा-मा-मावर ठेका टाकला. काय धावला म्हणता तो व्हिडिओ! हा रस्त्यावर दिसला की पोरं ठेका धरायची. हसा की! सगळे हसतात. तुम्ही काय असे बघताय?

आता? आता बोलतच नाही. माझ्याशी नाही, आईशी नाही, कुणाशीच नाही. भूक लागली तर ताट पुढे सरकवतो फक्त. सासूबाई घेऊन गेल्या त्याला. बायकोही गेली पाठोपाठ. एवढ्यावरून! 'तो व्हिडिओ काढून टाका, मग बघू,' म्हणते. काढू कसा? चॅनेलवर चालतो तो तेवढा एकच. बाकीचे, मी खेळलेले, त्यांना कुत्रं विचारत नाही.

तुम्ही कसे खेळता हो? बरे खेळता? मग या ना घरी संध्याकाळी. कार्ड आहे, हेडफोन आहे, कुणी त्रास द्यायला नाही. मी मागे बसेन नुसता. बोलणारही नाही फारसं, खरंच. रेकॉर्डिंग हवं तर लावू, नको तर — अं? लावलेलं तुम्हाला कळणार कसं? आता ते कसं सांगू, ते कळत नाही हेच तर —

निघालात? आणि कार्ड? नको? नको तर नको. मग इतका वेळ कशाला उभे होता तोंड घेऊन? दार लोटून घ्या जाताना. धूळ येते आत.