लाख निवायच्या आधी

मी मूळची सातपाटीची. बाप खलाशी, आई मासळी घेऊन पालघरच्या बाजाराला जायची, आणि आमच्या घरात जन्मलेल्या पोरीनं मोठी होऊन काय करायचं ते कोणी विचारत नाय, ते ठरलेलंच असतं. पण माझे हात असे निघाले काय सांगू तुमाला, बोंबील सोलले, सुकवायला टाकले की दुसऱ्या दिवशी बोटांची साल निघायची, रक्त यायचं, आईनं खोबरेल लावलं, डॉक्टरनं मलम दिलं, काय नाय झालं. बाया हसायच्या, कोळ्याची पोर आणि मासळी सोसत नाय. आई हसायची नाय, पण बोलायची पण नाय. मग एकोणीस वर्षांची असताना शेजारच्या काकांनी सांगितलं, बोईसरला दगड घासायचा कारखाना हाय, पोरी घेतात, पाठवा हिला. तशी मी आले. तिथं हात दिवसभर पाण्यात, पण गोड्या पाण्याला ते काय बोलले नाय.

अकीकाचं काम होतं. खंभातहून दगड यायचा, आमच्याकडं त्याच्या पाट्या कापायच्या, पाटी म्हणजे पावाचा काप असतो ना तशी, पण बिस्किटापेक्षा पातळ. बल्बासमोर धरली की आतल्या रेघा दिसतात, एकात एक, एकात एक. त्यातून नगीना काढायचा. नगीना म्हणजे सोललेल्या वालाची एक डाळ घ्या, खालून सपाट, वरून फुगलेली, तसा. पैलू नाय पाडायचे, नुसता गोल गुळगुळीत करायचा, अंगठीत नाय तर कानातल्यात बसवतात. ऐकायला सोपं वाटतं. पातळ पाटी अशी असते की बोट जरा जास्त दाबलं तर कड उडते, चाकावर पाणी कमी पडलं, दगड तापला, की टिक असा आवाज येतो आणि संपलं.

शिकवलं करीमचाचांनी. खंभातचेच म्हातारे, सगळं हिंदीत बोलायचे. काडीच्या टोकाला लाख तापवून लावायची, बांगडीवाल्यांची असते तीच, दगड पण थोडा ऊन करायचा, चिकटवायचा, आणि मग वाळूच्या डब्यात काडी उभी करून ठेवायची. हात नाय लावायचा. आपोआप निवू द्यायचं. चाचा म्हणायचे, बेटी, पत्थर को डराओ मत. गरम दगड गार पाण्यात गेला की घाबरतो आणि फुटतो, असं त्यांचं म्हणणं. आमी हसायचो.

आमी म्हणजे मी आणि सोनी. सोनी विक्रमगडच्या पुढची, डोंगरातली, वारली. माझ्या समोरच्या चाकावर बसायची आणि खोली पण आमची एकच होती, दोघींनी मिळून भाड्यानं घेतलेली. चाकाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाय, म्हणून आमी भुवयांनी बोलायचो, खरंच, शेठ आला की ती डावी भुवई उडवायची. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला. हे मी तेवा कबूल केलं नसतं, आता करते. माझा नगीना चांगला व्हायचा, पण तिचा नगीना हातात घेतला की ठेवावासा वाटायचा नाय. चाचा पण सगळ्यात पातळ पाटी तिच्या हातात द्यायचे. मला वाईट वाटायचं का? वाटायचं थोडं. पण घरी गेल्यावर ती माझ्या केसांना तेल लावायची, मी तिला कालवण करून घालायची, सुकटीचं, सुकी मासळी मला चालायची, ती भातावर घेऊन म्हणायची, बाय, तुझ्या हाताला मासळी सोसत नाय आणि मासळीला तुझा हात सोसतो.

आता जे सांगायचं ते सांगते. एकदा एक पाटी आली, निळी, आत पांढऱ्या रेघा, जाळीच्या कापडासारख्या. चाचांनी रुमालात बांधून ठेवलेली. परदेशातली मागणी होती, एकाच पाटीतून चार नगीने, चारी जुळणारे पाहिजेत, दुसरी तशी पाटी नव्हती. दोन मला दिले, दोन सोनीला. त्याच दिवशी घरून वहिनीचा फोन आला, संध्याकाळी पाहुणे येतात तुला बघायला, लवकर निघ. माझं वय तेवा एकतिसाच्या पुढं गेलेलं. असं कोणी येतच नव्हतं. मी काडीवर दगड लावला, लाख मऊ, दगड ऊन, आणि मला गाडी दिसत होती डोळ्यापुढं. निवायला थांबले नाय. पाण्यात बुडवला.

टिक.

मधोमध गेला. चिकटलेला होता तसाच, फक्त एक रेघ जास्त आली, ती पाटीची नव्हती. सोनी तेवा बाहेर गेलेली, चहा आणायला. तिच्या काड्या वाळूत उभ्या, शांत, दोन्ही चांगल्या. मी माझी काडी तिच्या जागी खोवली आणि तिची उचलली. एवढंच. हाताला किती वेळ लागतो असल्या कामाला? तुमी आता माझ्याकडं असं बघू नका. नाय, बघा.

ती चहा घेऊन आली, म्हणाली, पिऊन जा, सुखानं जा, साडी निळीच नेस. मी अर्धा पिऊन निघाले.

पाहुण्यांनी हात बघितले. मुलाच्या आईनं माझी बोटं उलटी करून बघितली आणि विचारलं, ही बाजारात मासळीला बसणार नाय का? वहिनी बोलायचा प्रयत्न करत होती. ते पोहे खाऊन गेले, परत काय कळवलं नाय.

दोन दिवसांनी बोईसरला आले तर खोलीत सोनीचं गाठोडं नाय, चटई नाय. आमच्याकडं पाणी एक दिवसाआड यायचं, तर दोन्ही हंडे भरून ठेवलेले आणि वर ताटं झाकलेली. कारखान्यात चाचा म्हणाले, सोनीच्या हातून फुटला, शेठनं जोड मोडली म्हणून काढून टाकलं, मी हातापाया पडलो, ऐकलं नाय. आणि म्हणाले, ती एकच बोलत होती, मी तर निवू दिला होता, मग कसा फुटला. तेवा पण मी सांगू शकले असते. चाचा समोर उभे होते. मी मान खाली घालून चाक चालू केलं.

त्याला सोळा वर्षं झाली. चाचा खंभातला परत गेले, गेले वर पण. आई गेली. भावाचं घर भावाचं हाय. कारखाना बंद पडला तेवा मी एक जुनं चाक घेतलं, इथंच खोलीत लावलं, व्यापाऱ्याचा माणूस पाट्या देऊन जातो, तयार माल घेऊन जातो. लग्नाचं राहूनच गेलं. दिवस चांगला जातो, चाकाचा आवाज असतो. चाक बंद केलं की जड वाटतं.

मागच्या दिवाळीनंतर एकदा त्या माणसाचा फोन आला, मी उचलला, आणि हॅलो म्हणायला आवाजच फुटेना. घसा दुखत नव्हता. मग ध्यानात आलं, चार दिवस मी कोणाशी एक शब्द बोलले नव्हते. फोन ठेवला आणि बसून विचार केला, बोलायचं झालं तर कोणाशी बोलू. एकच नाव आलं.

एसटीनं गेले, पुढं जीपनं, विचारत विचारत. सोनी अंगणात नाचणी झोडत होती. केस पांढरे, बाकी तीच. बाय तू, म्हणाली, आणि हसली, मला वाटलं होतं हसणार नाय. नवरा होता, दोन वाढत्या पोरी होत्या. पाणी दिलं. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि उभ्यानंच सांगून टाकलं, तो दगड तू नाय फोडलास, मी फोडला, मी काडी बदलली.

 तिनं स्वतःच्या हातांकडं बघितलं, उलटे केले, सुलटे केले. म्हणजे माझा हात चुकला नव्हता? मी म्हटलं, नाय. तिनं परत विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. मग ती खाली बसली. म्हणाली, मला वापीच्या एका कारखान्यानं बोलावलं होतं ग तेवा, हाच दगड, हेच काम, मी गेले नाय, मला वाटलं माझा हात गेला, परत कोणाचा माल फोडीन. भात लावला, वीटभट्टीला गेले, नाचणी केली, पण ते काम मला आवडत होतं.

मग तिनं नवऱ्याला हाक मारली, पोरींना हाक मारली, तिघांना समोर उभं केलं आणि मला म्हणाली, आता यांना सांग. मी परत सगळं सांगितलं. पहिल्यापासून. तिच्या धाकटीनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती मी विसरणार नाय, विसरायची पण नाय.

तिनं जेवायला वाढलं. भाकरी, लाल चटणी. वाढताना माझ्याकडं बघितलं नाय, पण ताटात कमी पण पडू दिलं नाय. मी म्हटलं, माझ्याकडं चाक हाय, ये, दोघी करू. ती म्हणाली, आता डोळे दिसत नाय बाय एवढे. निघताना मी माझा नंबर कागदावर लिहून दिला, तिनं तो घेतला, घडी केली, कमरेला खोचला. रस्त्यापर्यंत आली नाय. मी वळून बघितलं तर परत झोडायला लागलेली, आणि पोरींना काहीतरी सांगत होती, हात हवेत गोल फिरवून, काडी कशी फिरवायची ते.

फोन आला नाय अजून. येईल असं पण मी म्हणत नाय. तिनं का करावा? माफ केलं असं ती म्हणाली नाय आणि मी मागितलं पण नाय, मागायला तोंड पाहिजे. एकटी होते, एकटीच हाय. पण तिचं तिला परत देऊन आले, उशिरा का होईना. तिच्या पोरींना चांगली घरं मिळोत, तिचे गुडघे दुखू नयेत, देवानं तिला खूप वर्षं द्यावी. तुमी लिहिलंत ना सगळं? तिचं नाव नीट लिहा. सोनी. तिचा हात चांगला होता, हे पण लिहा.