मिठाचा बर्फ

न्हाई दादा, ह्या पेटीतला बर्फ न्हाई देणार, दहादा मागा. ह्यात मीठ हाय – कुल्फी धरायची तर घालावंच लागतं, मिठानं बर्फ लई गार होतो. तुमी म्हणून राहिले गार तेवढं चांगलं – कोणी सांगितलं? डब्यात औषधच हाय ना? गाठीचं? आईला? मंग बसा. हिंगोलीच्या गाडीला अजून टाइम हाय.

मी किसनसिंग. औंढ्याच्या ह्याच स्टँडवर वीस वर्सं कुल्फी विकून राहिलो, नागनाथाला येणारी माणसं नाव इचारत येतात. तर आमच्या नानीबाईला – बायकोला – छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणला, नवं औषध हाय, नॅनो का काय – म्हंजे औषध नुसतं न्हाई, बारीक बारीक गोळ्यांत भरलेलं, केसाच्या जाडीत हजार बसतील इतक्या बारीक – डोळ्याला काय दिसतंय? रगतातून फिरत फिरत त्या बराबर गाठीपाशी जाणार अन् तिथंच औषध सोडणार, बाकी अंगाला तकलीफ कमी. एवढं मोठं इज्ञान – अन् आणायचं कोणी? किसनसिंगनं, एस्टीत, मांडीवर धरून.

दुकानदार म्हणला, थंड ठेवा. बस. बाकीचं डब्यावर लिव्हलं व्हतं म्हणं – इंग्रजीत! तांड्यावर कुठला फ्रीज, लाइट बारा बारा तास न्हाई. पण मला काय फिकीर – थंडावा काय असतो हे कोण मला शिकवणार? बाटली पेटीत ठेवली, बर्फ दाबला, वरून मीठ – रोज एक मूठ टाकतो, तिच्यासाठी दोन टाकल्या. सकाळी बघतो तर औषध दगड झालेलं. खरं सांगू? खूश झालो मी. बगलेत धरून पातळ केली अन् नेली दवाखान्यात. सिस्टर म्हणली, थंड राहिली का बराबर? मी बोलायच्या आत हीच म्हणती – ‘माझ्या माणसाच्या पेटीतलं कधी वितळत न्हाई.’ हसून म्हणली.

तीन बाटल्या तशाच दिल्या.

चौथी आणायला गेलो तर गल्ल्यावर दुसराच माणूस. म्हणला, काका, गोठू देऊ नका हां, गोठली की त्या गोळ्या फुटतात, मंग ती फेकूनच द्यायची. गाठीपाशी सोडायचं ते बाटलीतच सांडलं, दादा – तीनदा. मी काय म्हणलो असंन? म्हणलो, माहीत हाय.

डॉक्टरला? न्हाई सांगितलं. चौथी नीट नेली, पण गाठ कुठल्या कुठं पोचली व्हती. डॉक्टर म्हणला, हिला हे औषध लागू पडलं न्हाई. औषधावर आळ आला अन् मी मान हलवली! तिला बी न्हाई सांगितलं. ती तर जाईपर्यंत तांडाभर सांगायची, माझ्या माणसानं माझ्यासाठी लई केलं – लई केलं! काहून असं बघून राहिले? मिठानंच गेली का तशी बी गेली असती – न्हाई, बोलू नका. मला ऐकायचं न्हाई.

आणा डबा इकडं. हा साधा बर्फ. वर फडकं, वर पुठ्ठा, मंग बाटली – बर्फाला टेकू द्यायची न्हाई. अन् गोठलीच, तर दवाखान्यात चारचौघांत सांगायचं, लाजायचं न्हाई. गोठली व्हती का, असं तिथं कोणी इचारणार न्हाई. थंड हाय का, एवढंच इचारतात.

गाडी लागली. उठा. उठा म्हणतो ना.